मोटारीचें 'मिसिंग' आणि इंजिनाचा पिवळा दिवा

आपल्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या दारांत आतां बैलगाडीच्या जागीं मोटार उभी असते. भाजीपाला बाजारांत पोंचविणें, आजाऱ्याला तालुक्याच्या गांवीं नेणें, बियाणें व औषधें आणणें, हीं सर्व कामें तिजवर अवलंबून असतात. बैल लंगडूं लागला तर कोणत्या पायांत कांटा मोडला आहे हें आपण पाय उचलून पाहतों. परंतु मोटार लंगडूं लागली आणि चालकासमोरच्या तक्त्यावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, म्हणजे आपली मति गुंग होते. कोणी त्याकडे दुर्लक्ष करून महिनोन्महिने गाडी तशीच हांकतो. कोणी घाबरून मेस्त्रीकडे जातो आणि तो सांगेल ते सर्व भाग बदलून घेतो. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत. दिवा काय सांगतो, काय सांगत नाहीं, आणि दोषाचें मूळ क्रमाक्रमानें कसें शोधावें, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

आरंभींच एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा लेख पेट्रोलवर किंवा सी.एन.जी. वायूवर चालणाऱ्या मोटारींपुरता आहे. आपले ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनांत हवा दाबली गेल्यानेंच इतकी तापते कीं तेल आपोआप पेटतें, ठिणगी लागतच नाहीं. म्हणून ट्रॅक्टरला पुढील निदान लागू नाहीं.

मिसिंग म्हणजे काय

मोटारीच्या इंजिनांत बहुधा तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येकांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण शिरतें, दट्ट्या तें दाबतो, योग्य क्षणीं प्लगच्या टोंकाशीं ठिणगी पडते, मिश्रण पेटतें आणि त्याच्या जोरानें दट्ट्या खालीं रेटला जातो. बॅटरी १२ व्होल्टची असते. एवढ्यानें ठिणगी पडत नाहीं. म्हणून कॉइल नांवाचा भाग हा दाब वीस हजार व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक चढवितो. हल्लींच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतंत्र कॉइल बसविलेली असते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलें तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ वेळां ठिणगी द्यावी लागते. त्यांतील कांहीं ठिणग्या चुकल्या, किंवा ठिणगी पडूनही मिश्रण पेटलें नाहीं, तर त्या सिलिंडरचा रेटा हुकतो. यालाच मिसफायर, किंवा आपल्या मेस्त्र्यांच्या बोलींत 'मिसिंग', म्हणतात. गाडी उभी असतां थरथरते, चढावर जोर धरीत नाहीं, पेट्रोल अधिक खाते आणि मागील धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो, हीं त्याचीं बाह्य लक्षणें होत.

ही चूक गाडींतील संगणकाला कशी समजते? चार गडी दोरानें एक मोठा धोंडा ओढीत असतां त्यांपैकीं एकाचा जोर हुकला, तर धोंडा त्या क्षणीं किंचित् अडखळतो. इंजिनाच्या मुख्य दांड्याचेंही तसेंच आहे. त्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या दातेरी चाकाजवळ एक सेन्सर बसविलेला असतो. प्रत्येक दाता किती वेळानें पुढें सरकला हें तो संगणकास कळवितो. ज्या सिलिंडरच्या पाळीला दांडा मंदावला त्याच्या नांवें संगणक एक चूक मांडतो, आणि अशा चुका ठराविक मर्यादेबाहेर गेल्या म्हणजे दिवा लावतो. अमेरिकेंत १९९६ च्या नमुन्यांपासून ही देखरेख सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्या देशांत २०१३ पासून नव्या मोटारींना तसा नियम लागू झाला.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. संगणक ठिणगी पाहत नाहीं, पेट्रोल पाहत नाहीं. तो केवळ दांड्याचें अडखळणें पाहतो. नांगरटींतून किंवा फार खांचखळग्यांच्या वाटेनें गाडी नेली असतां चाकांचे धक्के दांड्यापर्यंत पोंचतात आणि संगणकाची क्वचित् फसगतही होऊं शकते. तसें होऊं नये म्हणून कारखानदारांनीं उपाय योजिलेले असतात, तरी दिवा केवळ अशाच वाटेवर लागत असेल तर ती गोष्ट मेस्त्रीस अवश्य सांगावी.

स्थिर दिवा व लुकलुकणारा दिवा

पिवळा दिवा दोन प्रकारें लागतो, आणि या दोहोंतील भेद ज्याला ठाऊक नाहीं त्याचें मोठें नुकसान होण्याचा संभव असतो. दिवा स्थिर जळत असेल, तर दोष नोंदला गेला आहे, लवकर तपासणी करावी, एवढाच त्याचा अर्थ. परंतु दिवा लुकलुकत असेल, तर या क्षणीं इतकें मिसिंग होत आहे कीं त्यामुळें कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा नाश होऊं शकेल, असा तो इशारा आहे.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही धुराच्या नळींत बसविलेली एक डबी होय. तिच्यांत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनीमातीसारखी वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलाडियम, र्‍होडियम अशा मौल्यवान् धातूंचा पातळ लेप असतो. विषारी धूर तेथें शुद्ध होतो. सिलिंडरांत न जळलेलें पेट्रोल व न वापरलेली हवा या डबींत शिरली म्हणजे तीं तेथें जळूं लागतात. नेहमींच्या चालींत साधारणतः ४०० ते ८०० अंश सेल्सिअस उष्णतेवर राहणारी ही डबी मग हजार अंशांच्या पलीकडे तापते. आंतील वीट वितळते, छिद्रें बुजतात आणि धुराची वाट कोंडते. प्लग थोड्या पैशांत मिळतो. ही डबी नवी घ्यावयाची तर त्याच्या कित्येक पट रक्कम मोजावी लागते.

शेतकऱ्याला याहूनही मोठें भय आहे तें आगीचें. ही डबी कित्येक गाड्यांत पोटाखालीं जमिनीपासून वीतभरच उंच असते. मिसिंग होत असलेली गाडी उसाच्या पाचटावर, वाळल्या गवतावर किंवा खळ्यांतील भुसकटावर उभी केली, तर तापलेल्या डबीचा स्पर्श होऊन तें पेटूं शकतें. इंजिन बंद केलें तरी डबी कांहीं वेळ तापलेलीच असते. म्हणून दिवा लुकलुकूं लागतांच असें करावें : एक्सलरेटरवरील पाय हलका करावा आणि वेग कमी करावा. त्यानें दिवा स्थिर झाला तर हळूहळू जवळच्या मुक्कामापर्यंत जाण्यास हरकत नाहीं. लुकलुकणें थांबलें नाहीं, तर रस्त्याच्या कडेला उघडी माती किंवा मुरूम पाहून तेथें गाडी उभी करावी, इंजिन बंद करावें आणि गाडी ओढून नेण्याची व्यवस्था करावी. बाजाराची वेळ टळेल. पण पीक व गाडी दोन्ही वांचतील.

नोंद म्हणजे निकाल नव्हे

दिवा लागला म्हणजे संगणकांत एक सांकेतिक क्रमांक नोंदला जातो. चालकाच्या गुडघ्याजवळ, तक्त्याच्या खालीं, सोळा टांचण्यांचें एक सॉकेट असतें; त्यांत एक लहानसें वाचक यंत्र लावलें कीं क्रमांक मोबाइलवर वाचतां येतो. असें साधें यंत्र कांहीं शें रुपयांत मिळतें. चारपांच शेजाऱ्यांनीं मिळून एक घेतलें तरी पुरेसें आहे.

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचें मिसिंग, पी ०३०२ म्हणजे दुसऱ्याचें, पी ०३०३ तिसऱ्याचें, पी ०३०४ चौथ्याचें. पी ०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरापुरतें नाहीं, अनेकांत आळीपाळीनें होत आहे. पहिला सिलिंडर कोणत्या बाजूचा हें गाडीच्या पुस्तिकेंत पाहून घ्यावें. क्रमांकाबरोबरच दोष घडला तेव्हां इंजिनाचे फेरे किती होते, तें थंड होतें कीं तापलेलें, त्यावर भार किती होता, हीही माहिती साठविलेली असते. ती सर्व वहींत उतरून घ्यावी आणि मगच क्रमांक पुसावा. कित्येक जण बॅटरीची तार काढून दिवा घालवितात. त्यानें दोष जात नाहीं. पुरावा मात्र जातो.

येथेंच बहुतेकांची चूक होते. पी ०३०३ दिसला कीं तिसरी कॉइल बदलावी, असें समजलें जातें. फेरफाराच्या वहींत तक्रारीची नोंद झाली म्हणून जमीन कोणाची हें ठरत नाहीं. चौकशी व्हावी लागते. तसेंच हें आहे. तिसरा सिलिंडर काम करीत नाहीं एवढीच ही नोंद आहे. कां करीत नाहीं याचा निकाल चौकशीनंतरच लागावयाचा.

चौकशीची दिशा ठरविण्यास आपल्या पाटपाण्याचें उदाहरण पुरेसें आहे. एकच वाफा कोरडा राहिला, तर आपण त्या वाफ्याचें तोंड पाहतों. सर्वच वाफे कोरडे राहिले, तर विहिरीवर जातों. एकाच सिलिंडरचा क्रमांक येत असेल, तर त्या सिलिंडरच्या स्वतःच्या वस्तु तपासाव्या : प्लग, कॉइल, तिची तार, पेट्रोलचा इंजेक्टर, व्हॉल्व्ह. पी ०३०० येत असेल, तर सर्वांना मिळून जो पुरवठा होतो तो तपासावा : पेट्रोलचा दाब, पेट्रोलची शुद्धता, हवेच्या नळीला पडलेली चीर, चोंदलेला फिल्टर. मात्र सर्वच प्लग एकदम जीर्ण झाले असतील तरीही पी ०३०० येऊं शकतो, हें विसरूं नये.

अदलाबदलीची परीक्षा

एका सिलिंडरचा दोष शोधण्याची घरगुती आणि बिनखर्ची रीत अदलाबदलीची आहे. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें आणि चावी काढून ठेवावी.

प्रथम केवळ डोळ्यांनीं पाहावें. कॉइलकडे जाणारी तार कुरतडलेली किंवा घासलेली आहे काय, जोडणी सैल किंवा हिरवट गंजलेली आहे काय, कॉइल काढल्यावर प्लगच्या खोबणींत पाणी किंवा तेल सांचलें आहे काय, हें पाहावें. इंजिन पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें धुतल्यावर खोबणींत पाणी राहून मिसिंग सुरू झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ घडतात. तेथें कोरडें करणें हाच उपाय. तेल सांचलें असेल तर वरील झांकणाचें गॅस्केट गळत आहे असें समजावें.

डोळ्यांना कांहीं दिसलें नाहीं, तर तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्याची तिसऱ्यावर बसवावी. क्रमांक पुसून इंजिन तापेपर्यंत गाडी चालवावी. आतां पी ०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर सरकला; कॉइलच वाईट. पुन्हां पी ०३०३ च आला, तर कॉइल निर्दोष ठरली. मग याच रीतीनें प्लगांची अदलाबदल करावी. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग बदलावा. आणि एक झिजला असेल तर इतरही त्याच वयाचे असल्यामुळें सर्वच एकदम बदलणें शहाणपणाचें होय. दोन्ही अदलाबदली होऊनही दोष जागचा हलला नाहीं, तर तार, इंजेक्टर किंवा सिलिंडरचा दाब यांत तो आहे असें ठरतें. इंजेक्टर व दाब यांची परीक्षा जाणत्या मेस्त्रीकडूनच करवावी. ज्या गाड्यांत दोन प्लगांना मिळून एक कॉइल असते, तेथें पहिला व चौथा किंवा दुसरा व तिसरा असे जोडीनें क्रमांक आले तर संशय प्रथम कॉइलवर घ्यावा.

प्लग काढण्यापूर्वीं खोबणींतील धूळ फुंकून काढावी, नाहींतर ती सिलिंडरांत पडते. इंजिन गरम असतां प्लग काढूं नये. ॲल्युमिनियमचे आटे निघून येतात. बसवितांना प्रथम हातानेंच फिरवावा, पाना शेवटीं लावावा, आणि पुस्तिकेंत दिलेल्या मर्यादेपलीकडे आवळूं नये. टोंकांमधील फट पुस्तिकेंत दिली असेल तेवढीच असावी.

काढलेला प्लग स्वतःच पुष्कळ सांगतो. टोंक फिकट तपकिरी असेल तर इंजिनाची प्रकृति चांगली आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जात आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. तेलकट ओलावा असेल तर सिलिंडरांत तेल चढत आहे. पांढरेंफटक व फोड आलेलें असेल तर फाजील उष्णता होत आहे. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनें ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोंकाशीं न पडतां बाहेरून पळत आहे असें जाणावें.

एक जुनी रीत मात्र सोडून द्यावी. चालू इंजिनाची एकेक तार उपटून कोणता सिलिंडर मेला आहे हें पाहण्याची कित्येक मेस्त्र्यांना संवय आहे. त्यांत जोरदार विजेचा धक्का बसतो, आणि त्या वेळांत न जळलेलें पेट्रोल थेट कन्व्हर्टरमध्यें जातें.

वायू व इथेनॉल यांविषयीं

ज्यांच्या गाड्या पेट्रोल व सी.एन.जी. या दोहोंवर चालतात त्यांना निदानाचें एक अधिक साधन मिळालें आहे. दोन्हींवर मिसिंग होत असेल तर दोष बहुधा ठिणगीचा किंवा दाबाचा. केवळ पेट्रोलवर होत असेल तर पेट्रोलच्या पुरवठ्याचा. केवळ वायूवर होत असेल तर वायूच्या पुरवठ्याचा असूं शकेल. परंतु वायूचें मिश्रण पेटविण्यास अधिक व्होल्टची ठिणगी लागत असल्यामुळें, म्हातारा झालेला प्लग किंवा कॉइल प्रथम वायूवरच हार खाते, हेंही लक्षांत ठेवावें.

दुसरी गोष्ट इथेनॉलची. आपल्याच उसापासून व धान्यापासून तयार होणारें हें द्रव्य पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत मिसळण्याचें उद्दिष्ट साध्य झाल्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें. थोडें पाणी त्यांत मिसळून राहतें. परंतु तें फार झालें म्हणजे पाणी व इथेनॉल मिळून टांकीच्या तळाशीं वेगळे बसतात, आणि नेमके तेच प्रथम इंजिनाकडे ओढले जातात. म्हणून गाडी पावसाळाभर उभी राहावयाची असेल तर टांकीचें झांकण घट्ट आहे हें पाहावें, आणि शिळें पेट्रोल महिनोन्महिने ठेवूं नये. बरेच दिवस उभी असलेली किंवा नुकतेंच पेट्रोल भरलेली गाडी एकाएकीं मिसिंग करूं लागली व पी ०३०० आला, तर संशय पेट्रोलवर घ्यावा.

स्वतःचा एक अनुभव

गेल्या पावसाळ्यांत माझ्या गाडीचा दिवा लागला. एका कारखान्यांत नेली. तेथें चारही प्लग व तिसरी कॉइल बदलून देण्यांत आली, आणि साडेसहा हजार रुपयांचें बिल झालें. आठ दिवसांनीं दमट सकाळीं दिवा पुन्हां लागला. तेव्हां शेजाऱ्याचें वाचक यंत्र आणून पाहिलें, तों पी ०३०३ च. कॉइल अदलून पाहिली, प्लग अदलून पाहिला. दोष जागचा हलेना. मग तिसऱ्या कॉइलची तार बोटानें चांचपीत मागें गेलों, तेव्हां जोडणीच्या मागें चार बोटांवर तिचें आवरण कुरतडलेलें सांपडलें. आंतील तांब्याचे दोनच धागे शाबूत होते. हवा दमट झाली कीं तेवढी जोडणीही दगा देई. उंदरांचा हा पराक्रम होता. तार डाग देऊन जोडली व वरून आवरण चढविलें. खर्च शंभर रुपयांच्या आंत आला. जी गोष्ट मीं सर्वांत शेवटीं पाहिली ती सर्वांत आधीं पाहावयास हवी होती. आणि मूळ कारण इंजिनांत नव्हतेंच : गाडीच्या छपरीशेजारीं मीं ज्वारीचीं पोतीं रचलीं होतीं. पोतीं हलविलीं, सापळा लावला, तेव्हां कोठें उपाय पुरा झाला.

उपायानंतर दिवा

दोष दूर झाल्यावर क्रमांक पुसला नाहीं तरी दिवा कांहीं दिवसांनीं आपोआप विझतो. सामान्यतः लागोपाठ तीन फेऱ्यांत संगणकाला तो दोष आढळला नाहीं म्हणजे तसें होतें. पुसून विझविलेला दिवा मात्र दुरुस्तीची खूण समजूं नये. थंड सकाळ, चढाचा रस्ता व भरलेली गाडी, अशा तिन्ही परीक्षा देऊन तो विझलेला राहिला तरच काम झालें असें मानावें.

तात्पर्य, लुकलुकणारा दिवा दिसतांच वेग उतरवावा आणि वाळल्या गवतापासून दूर उभें राहावें. स्थिर दिवा दिसल्यास क्रमांक लिहून घ्यावा, डोळ्यांनीं पाहावें, मग अदलाबदल करावी, आणि पैसे खर्च करावयाचे ते सर्वांत शेवटीं. मेस्त्रीकडे जावेंच लागेल तेव्हां आपली वही बरोबर न्यावी. कोणता क्रमांक, केव्हां आला, कशा हवेंत आला, काय अदलून पाहिलें, हें जो सांगूं शकतो त्याच्या गाडीचे निर्दोष भाग बदलण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं.